कथेतील बोलणे आणि विचार : व्याकरण व विरामचिन्हे यांचे कार्य

कथात्म गद्यातील प्रत्येक वाक्याला कोणीतरी धनी असतो. ते वाक्य एक तर निवेदकाचे असते किंवा पात्राचे. कधी ते पात्राच्या ओठांवरचे असते, कधी केवळ त्याच्या मनातले. निबंधात किंवा इतिहासग्रंथात हा प्रश्न क्वचितच उद्भवतो, कारण तेथे बोलणारा प्रायः एकच असतो. कथेत मात्र दोन पानांच्या अवधीत चार जणांचे आवाज एकत्र येतात आणि कोणता आवाज कोणाचा हे वाचकाला क्षणोक्षणी ओळखावे लागते. “सासूबाई कंजूष होत्या” हे विधान निवेदकाचे असेल तर ते कथेतील वस्तुस्थिती ठरते. सुनेचे असेल तर ते केवळ तिचे मत ठरते. कथेचा अर्थच या भेदावर अवलंबून असतो. हा भेद दाखविण्याची साधने मराठीत दोन प्रकारची आहेत : एक व्याकरणाने दिलेली आणि दुसरी विरामचिन्हांनी दिलेली. या दोहोंचा परस्परसंबंध कसा आहे आणि कथालेखकाने त्यांचा विनियोग कसा करावा, याचा विचार पुढे केला आहे.

१. दोन साधनांचा पूर्वेतिहास

छापखान्यापूर्वीच्या मराठी गद्याला आजच्या अर्थाने विरामचिन्हे नव्हती. मोडी लिपीत आधी ओळ आखून घेत आणि तिला अक्षरे लटकवीत लेखन केले जाई. लेखणी शक्यतो न उचलता लिहिण्याची रीत असल्यामुळे शब्दाशब्दांतही अंतर राहत नसे. बाळबोध पोथ्यांतून एकेरी व दुहेरी दंड येत, परंतु ते मुख्यतः पद्याचे चरण व श्लोक दाखविण्यासाठी. असे असूनही तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथात संवाद विपुल आहेत आणि कोण बोलत आहे याविषयी वाचकाचा सहसा घोटाळा होत नाही. बखरींतील बोलण्याचीही तीच गोष्ट आहे. याचे कारण असे की, बोलणे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे दाखविण्याचे काम तेथे चिन्हे करीत नसून शब्द करीत असत. ‘म्हणणे’ या क्रियापदाची रूपे, ‘ऐसे’, ‘म्हणोन’, ‘की’ यांसारखी पदे हीच त्या काळची अवतरणचिन्हे होत.

आज रूढ असलेली चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी मुद्रणाच्या अनुकरणाने आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मराठीत विरामचिन्हांची पद्धती रूढ करण्याचे श्रेय मात्र परंपरेने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५० सालची. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठी कादंबरी आणि मराठी विरामचिन्हे यांचा जन्म जवळजवळ एकाच पिढीत झाला. हिंदीने वाक्यान्ती दंड राखला, मराठीने टिंबाचा पूर्णविराम स्वीकारला. एवढे एक उदाहरणही हा स्वीकार किती पूर्ण होता हे दाखविण्यास पुरेसे आहे.

या इतिहासाचा परिणाम असा की, आजच्या मराठी लेखकाच्या हाती एकाच कामासाठी दोन यंत्रणा आहेत. एक भाषेच्या अंगची आहे, दुसरी बाहेरून येऊन स्थिरावलेली आहे. दोन्ही एकदम चालविल्या तर वाक्य जड होते. दोन्हींकडे दुर्लक्ष केले तर ते संदिग्ध होते.

२. ‘की’, ‘असे’ आणि ‘म्हणून’

पुढील वाक्य पाहावे :

गोविंदाने सांगितले की मी उद्या येणार नाही.

येथे ‘मी’ कोण? मराठीच्या सहज प्रवृत्तीनुसार तो गोविंदाच होय. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात घेताना सर्वनाम आणि काळ हे दोन्ही बहुधा बदलतात. मराठीत काळ बदलण्याचे बंधन नाही आणि सर्वनामही पुष्कळदा जसेच्या तसे राहते. ‘की’नंतर येणारे बोलणे हे त्यामुळे अर्धवट प्रत्यक्ष आणि अर्धवट अप्रत्यक्ष असते. तृतीयपुरुषी निवेदनात याने अडचण होत नाही. परंतु कथा सांगणारा स्वतःच ‘मी’ असेल, तर उपर्युक्त वाक्याचे दोन अर्थ होतात : गोविंद येणार नाही, किंवा निवेदक येणार नाही. प्रथमपुरुषी कथा लिहिणाऱ्याने ‘की’ आणि ‘मी’ यांची ही सोबत विशेष सावधपणे तपासली पाहिजे. अवतरणचिन्हे घातली असता संदेह फिटतो. ‘गोविंद उद्या येणार नाही असे त्याने सांगितले’ अशी रचना केली तरीही फिटतो.

‘असे’ आणि ‘म्हणून’ यांची रीत उलट आहे. त्यांच्यामुळे बोलणे आधी येते व ते बोलणे होते हे मागाहून कळते : ‘उद्या येतो म्हणून गोविंदाने सांगितले.’ क्रियापद शेवटी ठेवण्याच्या मराठीच्या स्वभावाला ही रचना अधिक जवळची आहे. वाक्य लहान असेल तर ती सुबक दिसते. बोलणे लांबले तर मात्र वाचकाला वाक्याच्या अखेरीपर्यंत ते निवेदकाचेच विधान वाटत राहते आणि शेवटी मागे वळून अर्थ दुरुस्त करावा लागतो. म्हणून दीर्घ बोलण्यासाठी ‘की’ किंवा अवतरणचिन्ह आणि त्रोटक बोलण्यासाठी ‘असे’ किंवा ‘म्हणून’, अशी वाटणी उपयुक्त ठरते.

‘की’जवळच्या स्वल्पविरामाविषयी दोन रीती आढळतात. वाक्यरचनेच्या दृष्टीने ‘की’ हे पुढील गौण वाक्याचे आरंभपद असल्यामुळे स्वल्पविराम त्याच्या आधी येणे तर्कशुद्ध होय. परंतु बोलताना आवाज ‘की’नंतर थांबतो आणि म्हणून पुष्कळ लेखक तो नंतर देतात. यांपैकी कोणतीही रीत दोषार्ह नाही. एकाच कथेत दोन्ही असणे मात्र दोषार्ह आहे. अवतरणचिन्हांच्या आधी ‘की’ घालण्याचे तर कारणच उरत नाही. ‘तो म्हणाला की, “मी येतो”’ या वाक्यात एकच काम दोनदा झालेले आहे.

३. वक्त्याचे नाव कोठे ठेवावे

बोलण्याची योजना चार प्रकारे होऊ शकते :

(अ) सावित्री म्हणाली, “विहिरीचे पाणी आटले.”
(आ) “विहिरीचे पाणी आटले,” सावित्री म्हणाली.
(इ) “विहिरीचे पाणी आटले,” सावित्री म्हणाली, “आता नदीवरच गेले पाहिजे.”
(ई) “पाणी आटले?” सावित्रीने विचारले.

पहिल्या प्रकारात नाव आधी कळते व वाचकाचे लक्ष वक्त्याकडे जाते. दुसऱ्यात लक्ष बोलण्याकडे जाते. दुसरा प्रकार मुद्रित कथेबरोबर रुळला असला, तरी आज तो परका राहिलेला नाही. यात बोलण्याअखेर स्वल्पविराम द्यावयाचा, कारण वाक्य अद्याप संपलेले नसते. प्रश्नचिन्ह वा उद्गारचिन्ह असेल तर मात्र त्याच्या जोडीला स्वल्पविराम लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात बोलणे मध्येच तोडले जाते आणि येथे मराठी वाक्यरचनेचा एक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. मराठीत वाक्यातील निर्णायक पद बहुधा शेवटी येते. नकार तर फार वेळा अगदी अखेरीस येतो. पुढील वाक्य वाचावे :

“मी त्यांचे पैसे घेतले,” रघुनाथ म्हणाला, “नाहीत.”

स्वल्पविरामापाशी वाचकाने कबुली ऐकली. दोन शब्दांनंतर तिचा इन्कार झाला. रघुनाथ अडखळत आहे, किंवा कबुलीच्या काठावरून मागे फिरला आहे, असे दाखवावयाचे असल्यास ही जागा फार प्रभावी आहे. तसा हेतू नसेल तर ती केवळ चूक आहे. इंग्रजी कथेत वाक्य जेथे तुटते तेथेच मराठीत ते तोडले, तर असे अपघात घडतात. क्रियापद आणि त्याचे साहाय्यक, नाम आणि त्याचे शब्दयोगी अव्यय, विधान आणि त्याचा नकार यांच्यामध्ये वक्त्याचे नाव घालू नये. वाक्याचा एक पूर्ण खंड संपल्यावरच घालावे, हा सामान्य नियम होय.

बोलण्याचे क्रियापद निवडतानाही व्याकरण आड येते. ‘सावित्री म्हणाली’, ‘सावित्री बोलली’ येथे कर्ता प्रथमेत असतो. ‘सावित्रीने म्हटले’, ‘विचारले’, ‘सांगितले’ येथे तो तृतीयेत जातो. अर्थात ‘म्हणाली’ हे रूप वक्त्याचे लिंग सांगते, ‘म्हटले’ हे सांगत नाही. वक्ता ‘तो’ की ‘ती’ हे क्रियापदातूनच कळावे असे वाटत असेल, तेथे ‘म्हणाला–म्हणाली’ ही रूपे अधिक कामाची. शिवाय हसणे, वळणे, सुस्कारा टाकणे या क्रिया बोलण्याच्या नव्हेत. ‘“ये,” तो हसला’ असे लिहिण्याऐवजी ‘“ये.” तो हसला’ असे दोन स्वतंत्र वाक्यांत लिहिणे व्याकरणाला धरून होते.

४. व्याकरणाने दिलेली ओळख

मराठी संवादात वक्त्याचे नाव पुष्कळ वेळा गाळता येते, कारण क्रियापद स्वतःच त्याची ओळख देते. “मी उद्या जाते” एवढे म्हटले की बोलणारी स्त्री आहे हे कळले. इंग्रजीला ही सोय नाही. एक स्त्री व एक पुरुष यांच्या संवादात, दोघांपैकी कोणी स्वतःविषयी वर्तमान किंवा भूतकाळी क्रियापद वापरले की, नाव सांगण्याची गरज संपते. पूर्वीच्या लेखनपद्धतीत ‘मी गेलें’ हे स्त्रीचे रूप अनुस्वाराने ‘ते गेले’ या रूपाहून वेगळे दिसत असे. आता तो अनुस्वार गेला असला तरी ‘मी’ या पदामुळे अर्थ ढळत नाही. कोल्हापूरकडील बोलीत मात्र स्त्रियाही ‘मी येतो’, ‘मी आलो’ अशी रूपे वापरतात. त्या भागातील पात्रांच्या तोंडी ही रूपे घालणे यथार्थ आहे. पण मग वक्त्याचे नाव सांगण्याची जबाबदारी पुन्हा निवेदकावर येते.

दुसरी ओळख आदरार्थी रूपांची. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांमधून दोन व्यक्तींचे नाते उलगडते. हरि नारायण आपटे यांच्या काळातील कादंबऱ्यांत पत्नी पतीविषयी ‘इकडून येणे झाले’ अशा धर्तीची वाक्ये बोलते. नाव तर नाहीच, पण कर्ताही टाळलेला असतो. तेथे व्याकरणाची रचनाच एका समाजरीतीची साक्ष देते. संवाद चालू असता ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले, तर ती कथेतील एक घटना असते. ती नकळत घडता कामा नये.

आदरार्थी रूपे निवेदनातही लक्ष देण्याजोगी आहेत. ‘तात्या ओसरीवर आले’ आणि ‘तात्या ओसरीवर आला’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे, परंतु पाहणारा भिन्न आहे. पहिल्यात घरातील लहान माणसाची नजर आहे, दुसऱ्यात समवयस्काची किंवा तटस्थ निवेदकाची. तृतीयपुरुषी निवेदक असे म्हणून पूर्णतः निःपक्ष राहूच शकत नाही. प्रत्येक वडीलधाऱ्या पात्राविषयी पहिले क्रियापद लिहिताच त्याला आपली जागा ठरवावी लागते. एकदा ठरविलेली जागा कारणावाचून बदलल्यास वाचकाला दृष्टिकोण हलल्याचा भास होतो.

५. मनातले बोलणे आणि ‘आपण’

पात्राचा विचार व्यक्त करण्याच्या तीन रीती पुढीलप्रमाणे :

(अ) माधव थांबला. त्याने विचार केला, “मी परत जाऊ का?”
(आ) माधव थांबला. आपण परत जावे का, असा त्याने विचार केला.
(इ) माधव थांबला. परत जावे का? कशासाठी? घरी आता कोण होते?

पहिल्या रीतीत विचार बोलण्यासारखाच मांडला आहे. यात दोष असा की, अवतरणचिन्हांमुळे माधव मोठ्याने बोलला असे वाटू शकते. काही लेखक म्हणून विचारासाठी एकेरी आणि बोलण्यासाठी दुहेरी अवतरणचिन्हे वापरतात. ही वाटणी कथेच्या आरंभापासून अखेरपर्यंत पाळली तरच उपयोगी.

दुसरी रीत खास मराठी आहे. येथील ‘आपण’ हे माधवाविषयी आहे, पण क्रियापद त्याच्याबरोबर प्रथमपुरुषी अनेकवचनाचे घेते : ‘आपण चुकलो, असे त्याला वाटले.’ एकटा माणूस, तृतीयपुरुषी निवेदन आणि क्रियापद ‘चुकलो’. निवेदकाला आपली जागा न सोडता पात्राच्या मनात उतरता यावे यासाठीच जणू भाषेने ही सोय करून ठेवली आहे. ‘आपण चुकलो, असे तिला वाटले’ यातही रूप तेच राहते. म्हणजे ‘मी’बरोबर दिसणारा लिंगभेद येथे लोपतो आणि ‘तिला’ या पदाची गरज वाढते. याखेरीज ‘आपण’ याचे आणखी दोन अर्थ आहेत : ‘तुम्ही आणि मी’, आणि आदरार्थी ‘तुम्ही’. ‘आपण आलो’ व ‘आपण आलात’ येथे क्रियापद निर्णय देते. पण ‘आपण आता जावे’ या वाक्यात ते देत नाही. तो स्वतःशी केलेला विचार असेल, सोबत्याला केलेली सूचना असेल, किंवा पाहुण्याला दिलेला निरोप असेल. अशा विध्यर्थी वाक्यापाशी विरामचिन्हांना किंवा ‘असे त्याला वाटले’ यासारख्या पदांना मदतीस यावेच लागते.

तिसऱ्या रीतीत ‘त्याने विचार केला’ हे शब्दही नाहीत आणि अवतरणचिन्हेही नाहीत. ‘होते’ हा भूतकाळ निवेदकाचा आहे, ‘आता’ हे पद माधवाचे आहे आणि प्रश्न सर्वस्वी माधवाचा आहे. हा विचार माधवाचा आहे हे सांगण्याचे काम येथे प्रामुख्याने प्रश्नचिन्ह करते. ते काढून पूर्णविराम दिल्यास वाक्ये लुळी पडतात. दुसऱ्या रीतीत मात्र प्रश्नचिन्ह येत नाही, कारण तेथील प्रश्न ‘असा विचार’ या विधानाचा अंगभूत भाग झालेला असतो. ‘ती कोठे गेली, हे त्याने विचारले’ याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देण्याची चूक वारंवार होते.

६. ‘असे’ आणि ‘असं’

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले व पुढे १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. व्युत्पत्तिसिद्ध पण अनुच्चारित अनुस्वार त्यांनी काढून टाकले. त्याचबरोबर कथालेखकाच्या दृष्टीने महत्त्वाची एक मुभा त्यांनी ठेवली : पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी उच्चारानुसारी रूपे लिहिता येतात, औपचारिक लेखनात ‘असे केले’, ‘मी म्हटले’ अशी रूपे असावीत.

याचा अर्थ एक टिंब किंवा एक मात्रा हीसुद्धा कथेत आवाजाची खूण होते. निवेदनात ‘असे’ आणि संवादात ‘असं’ ठेवले, तर अवतरणचिन्हाशिवायही वाचकाच्या कानाला सीमा जाणवते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मध्ये निवेदनच तरुण पांडुरंगाच्या बोलभाषेत आहे. तेथे ही सीमा मुळातच पुसलेली आहे, कारण सारी कादंबरी हेच एका व्यक्तीचे बोलणे आहे. दोन्ही पर्याय ग्राह्य आहेत. त्यांची अकारण सरमिसळ, म्हणजे एकाच परिच्छेदात निवेदकाने एकदा ‘होते’ आणि एकदा ‘होतं’ म्हणणे, ही मात्र ग्राह्य नव्हे.

बोलीच्या लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशी, तर उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोली पात्रांच्या मुखी आली आहे. बोलीचे सामर्थ्य तिचे शब्द, तिची क्रियारूपे व तिची वाक्याची घडण यांत असते. केवळ स्पेलिंग मोडून बोली उभी राहत नाही. लिखित प्रमाणभाषा तंतोतंत तशी कोणीच बोलत नाही. ‘पाहिजे’चा उच्चार शिकलेला मनुष्यही सहज बोलताना ‘पायजे’ असा करतो. असे असता कथेतील वकिलाच्या तोंडी ‘पाहिजे’ आणि त्याच्या गड्याच्या तोंडी ‘पायजे’ लिहिले, तर लेखकाने उच्चाराचा भेद नोंदविला असे होत नाही. दोघांचा उच्चार एकच असता एकालाच अशुद्ध ठरविले असे होते. ज्या ठिकाणी भेद खरोखर बोलीचा आहे तेथेच तो लेखनात दिसावा, हा केवळ व्याकरणाचा नव्हे तर न्यायाचाही प्रश्न आहे.

७. स्वर आणि चिन्ह

मराठी बोलण्यात स्वराचा बराच भाग निपातांनी वाहिलेला असतो. ‘येशील ना’, ‘थांब की’, ‘गेलाच शेवटी’, ‘बरं का’ यांतील ‘ना’, ‘की’, ‘च’, ‘बरं का’ ही पदे आर्जव, आग्रह, निश्चय, सूचना दाखवितात. अशा वाक्यांना आणखी उद्गारचिन्ह जोडल्याने पुष्कळदा काहीही वाढत नाही. दोन-तीन जोडल्याने तर उणेच होते. याउलट ‘तू येणार’ हे विधान केवळ प्रश्नचिन्हाने प्रश्न बनते : ‘तू येणार?’ जेथे शब्द स्वर सांगत नाही तेथे चिन्ह अपरिहार्य, जेथे शब्द सांगतो तेथे ते काटकसरीने वापरावे.

प्रश्नचिन्ह नेहमी प्रश्नच दाखविते असेही नाही. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. तिच्या नावातील ‘कोण’ याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असे आहे. चिन्ह प्रश्नाचे, अर्थ गाऱ्हाण्याचा. अशा प्रश्नांत चिन्ह गाळले तर गाऱ्हाणे नुसते विधान होते.

लोपचिन्ह आणि अपसारणचिन्ह यांतही भेद राखणे इष्ट आहे. “मी तर...” येथे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप विरला, “मी तर—” येथे तो कोणी तरी तोडला. पहिल्यात कारण वक्त्याच्या मनात शोधावयाचे, दुसऱ्यात खोलीत. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे तुटलेले वाक्य इंग्रजीपेक्षा अधिक अनिश्चित राहते. कर्ता व कर्म कळले तरी काय घडले ते कळत नाही. ही अनिश्चितता उत्कंठेसाठी उपयोगी, परंतु पुढील दोन-तीन वाक्यांत तिची फेड झाली पाहिजे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून एक सूत्र हाती येते. सर्वनाम, लिंग, आदरार्थी वचन, ‘आपण’, ‘की–असे–म्हणून’, निपात आणि पदक्रम यांच्या द्वारे मराठी व्याकरण आवाजांची ओळख बऱ्याच अंशी आधीच देत असते. जेथे ही ओळख अपुरी पडते तेथे विरामचिन्हांचे खरे कार्य सुरू होते. लेखकाने लिहून झालेल्या संवादातील सर्व अवतरणचिन्हे क्षणभर नाहीत असे समजून तो वाचावा. ज्या ठिकाणी वक्ता तरीही स्पष्ट कळतो, तेथे वाक्य सुदृढ आहे. ज्या ठिकाणी तो कळत नाही, तेथे आधी वाक्य तपासावे आणि मग चिन्ह. कारण चिन्ह गळले किंवा मुद्रणात चुकले तरी पात्राचा शब्द पात्राकडेच राहिला पाहिजे. निवेदकाचे मत पात्राच्या माथी किंवा पात्राचा आरोप निवेदकाच्या तोंडी जाणे, ही कथेच्या सत्यालाच बाध आणणारी गोष्ट होय.